स्पोर्ट्स कार ताणून चालवली तर इंजिन खराब होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आले आहेत. काही पुण्या-मुंबईतून आले, काही अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आणि तिकडे जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतलेल्या मराठी मंडळींकडून. उदाहरणांत होंडा एस२००० पुन्हा पुन्हा डोकावेल. ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ९००० फेऱ्या) जाणारे तिचे दोन लिटरचे इंजिन या विषयाचे सगळ्यात सोपे पुस्तक आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी जवळजवळ रोज गाडी रेडलाइनपर्यंत (आरपीएम मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत) ताणतो. इंजिनचे आयुष्य कमी होते का?

इंजिन पूर्ण गरम असेल, ऑइल योग्य दर्जाचे आणि पुरेसे असेल आणि काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे राहत असेल, तर होणारा फरक बहुतेक मालकांच्या कधी लक्षातही येत नाही. झीज थोडी जास्त होते, हे खरे. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त घासणे, जास्त उष्णता. पण वेगाने फिरण्यासाठीच घडवलेले इंजिन वेगाने फिरले म्हणून बसत नाही. मी जी खोललेली इंजिने पाहिली, त्यांत थंड असताना ताणलेली, ऑइलविना चाललेली आणि चुकीच्या गिअरमध्ये पडलेली इंजिने बरीच होती. निव्वळ 'जास्त आरपीएम' हे एकट्याचे कारण असलेले क्वचितच.

म्हणून प्रश्न 'किती आरपीएम' असा न विचारता 'कोणत्या अवस्थेत' असा विचारा. खालचे सगळे त्याच अवस्थेबद्दल आहे.

२. रेडलाइन कोण ठरवते? कंपनी त्यात काही राखून ठेवते का?

इंजिन बनवणारे अभियंते ठरवतात. पिस्टन, त्याला फिरत्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि ऑइल पंप यांतला सगळ्यात दुबळा भाग जिथे रडू लागेल, त्याच्या बरीच अलीकडे रेघ मारतात. खपाच्या गाडीला हजारो मालकांच्या हजारो सवयी झेलायच्या असतात, त्यामुळे थोडी सवड ठेवावीच लागते.

पण ही सवड तुमच्यासाठी नाही. ती जुन्या ऑइलसाठी आहे, उन्हाळ्यासाठी आहे आणि कारखान्यातल्या दोन भागांमधल्या सूक्ष्म फरकासाठी आहे. संगणकातली मर्यादा वाढवून '५०० आरपीएम जास्त' विकणारे लोक तीच सवड तुम्हाला विकत असतात.

३. जास्त आरपीएमला इंजिनच्या आत नेमके काय होते? कोणता भाग आधी जातो?

स्फोटाचा दाब सगळ्यात घातक असतो असे बहुतेकांना वाटते. जास्त वेगाला मात्र खरा वैरी जडत्व असते. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलट खाली ओढला जातो. जळालेला वायू बाहेर ढकलून झाल्यावर, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, त्याच्या डोक्यावर वायूचा दाब जवळजवळ नसतो. त्याला थोपवून परत ओढण्याचे सगळे काम कनेक्टिंग रॉड आणि रॉडचे दोन बोल्ट करतात. रॉड तेव्हा अक्षरशः ताणला जातो. 'गिअर ताणणे' हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो.

हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६००० वरून ९००० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ताण सव्वादोन पट होतो. एस२००० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८४ मिलिमीटर आहे. ९००० ला तिच्या पिस्टनला वरच्या टोकाशी गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार हजार पटींहून जास्त त्वरण सोसावे लागते. पिस्टन ३५० ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी तो रॉडला दीड टनाहून जास्त वजनाचा भासतो. आणि हे दर सेकंदाला दीडशे वेळा घडते.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, बेअरिंगच्या धातूवर टेकून फिरत नाही. मधल्या ऑइलच्या थरावर तो तरंगतो, आणि हा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. थर टिकला तर धातूला धातू लागतच नाही. तो तुटला तर काही सेकंदांत बेअरिंगचा पृष्ठभाग पुसला जातो. त्यानंतर खालून येणारा 'टक टक टक' आवाज म्हणजे खर्चाची सुरुवात.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची. ९००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागे राहतो, तरंगतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनला गाठू शकतो. पण रेघेच्या आत स्प्रिंग सहसा कमी पडत नाही. ती कमी पडते ती प्रश्न ८ मधल्या प्रसंगात.

४. मग एफ१ ची (फॉर्म्युला वन शर्यतींची) इंजिने १८००० आरपीएमला कशी टिकायची? माझ्या बाइकचे इंजिनही ९००० जाते!

आरपीएमचा आकडा एकटा काही सांगत नाही. सोबत स्ट्रोक पाहावा लागतो. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट करायची आणि तिला दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणायचे.

एस२०००: स्ट्रोक ८४ मिलिमीटर, ९००० आरपीएम, म्हणून सेकंदाला २५.२ मीटर.

एफ१ मध्ये २००६ ते २०१३ या काळात २.४ लिटरची, आठ सिलिंडरची व्ही८ इंजिने होती. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात धावतो ती पोकळी, जास्तीत जास्त ९८ मिलिमीटर रुंद ठेवता येत होता, त्यावरून स्ट्रोक सुमारे ४० मिलिमीटर येतो. २००९ पासूनच्या १८००० आरपीएमच्या मर्यादेवर त्यांच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या आसपास. म्हणजे शोरूममधून घेतलेल्या, भाजी आणायलाही चालणाऱ्या होंडाचा पिस्टन सरासरीने एफ१ च्या पिस्टनपेक्षा किंचित जोरात धावत होता. हे पहिल्यांदा मांडले तेव्हा मला गणितच चुकले असे वाटले होते.

अर्थात ही तुलना फक्त सरासरी वेगापुरती. टोकाशी बसणारा ताण एफ१ मध्ये खूपच जास्त असतो, व्हॉल्व्ह मिटवायला पोलादी स्प्रिंगऐवजी दाबातली हवा वापरतात, आणि ती इंजिने काही शर्यतींनंतर बाजूला ठेवली जात.

बाइकचे उदाहरण याच्या उलटे आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या आधीच्या ३७३ सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ६० मिलिमीटर. ९००० ला तिचा पिस्टन सेकंदाला १८ मीटरच धावतो. आकडा तोच, कष्ट कितीतरी कमी.

५. सकाळी गाडी सुरू केल्यावर किती वेळाने ताणायला हरकत नाही?

या सगळ्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर लांब आहे, तेवढे वाचा.

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी घट्ट होते आठवते? इंजिन ऑइल गोठत नाही, पण थंड असताना ते बरेच दाट असते. पंप ते ढकलतो, दाबाचा काटाही छान वर दिसतो, पण बारीक वाटांतून पुरेसे ऑइल वाहत नाही. शिवाय पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो. तो ब्लॉकपेक्षा (सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागापेक्षा) वेगळ्या गतीने फुगतो. पूर्ण गरम झाल्याशिवाय पिस्टन, रिंगा आणि बोअर यांच्यातली फट ठरवलेल्या मापाची होत नाही. अशा वेळी ८००० ला नेणे म्हणजे प्रश्न ३ मधला सगळा ताण अर्धवट तयार झालेल्या भागांवर टाकणे.

लोक इथे फसतात ते कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) काट्यामुळे. कुलंट पाच-सात मिनिटांत ९० अंशांवर येतो. काटा मधोमध आला की लोकांना वाटते, झाले. ऑइल मात्र त्याच्या बरेच मागे असते. साध्या चालीने गाडी चालवली तरी त्याला आणखी तेवढाच वेळ, हिवाळ्यात त्याहून जास्त लागतो. ऑइलच्या तापमानाचा काटा असेल तर ते ८० अंशांवर येईपर्यंत मी अर्ध्या आरपीएमच्या पुढे जात नाही. तसा काटा नसेल, तर पुण्यात जानेवारीच्या सकाळी पंधरा-वीस मिनिटे आणि मे महिन्यात दहा मिनिटे चालवल्यावरच ताणायचे, हा माझा हिशेब आहे.

बीएमडब्ल्यूने याची सोय थेट काट्यातच केली होती. तिच्या ई४६ एम३ या स्पोर्ट्स कारच्या आरपीएम मीटरभोवती दिव्यांची रांग आहे. थंड इंजिन सुरू केले की वरचे बरेचसे दिवे पेटतात, आणि ऑइल तापत जाते तसे ते एकेक करून विझत रेडलाइनकडे सरकतात. शेवटचे दिवे विझले की मगच ८००० तुमचे. इतकी समजूतदार सोय सगळ्या गाड्यांत असायला हवी होती.

आणि हो, घरासमोर उभी ठेवून गाडी तापवत बसू नका. उभी गाडी हळू तापते, पेट्रोलची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि शेजारीही नाराज होतात. सुरू करा, अर्ध्या मिनिटाने निघा, हलक्या पायाने चालवा.

६. ऑइल कोणते घालू? किती दिवसांनी बदलू?

मालकपुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचे घाला. 'रेसिंग करतो म्हणून जाड ऑइल' हा सल्ला गॅरेजांत हमखास मिळतो, पण जाड म्हणजे चांगले असे नसते. ऑइलच्या वाटा, पंप आणि बेअरिंगची फट एका ठरावीक दाटपणासाठी मापलेली असते. ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० हे बरेच जाड ऑइल लागते, कारण कंपनीने त्या इंजिनासाठी तेच ठरवले आहे. तेच ऑइल एस२००० मध्ये घालण्यात काही अर्थ नाही.

बदलण्याचा काळ मात्र कमी करा. कंपनी वर्ष किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटर म्हणते, ते सरासरी वापरासाठी. वारंवार ताणणाऱ्याने ते निम्म्यावर आणावे. इंजिनापुढे ऑइलची किंमत काहीच नाही.

आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. जास्त आरपीएमला इंजिने ऑइल खातात. रिंगांजवळून थोडे ऑइल वर चढते आणि जळते. एस२००० चे मालक यासाठी डिपस्टिक पाहण्याची सवयच लावून घेतात. माझा नियम असा की प्रत्येक दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहायची आणि लांब किंवा जोरदार प्रवासाआधी नक्की पाहायची. दाबाचा लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहिली, तर बेअरिंगसाठी तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

७. गिअर टाकायला उशीर झाला आणि गाडी लिमिटरला लागली. नुकसान झाले का?

एकदा-दोनदा लागली तर नाही. लिमिटर त्यासाठीच असतो. तो पेट्रोल किंवा ठिणगी क्षणभर थांबवतो आणि आरपीएम खाली येतात. 'ब्र्र्र्र' आवाज काढत त्यावर मिनिटभर टेकून राहणे वेगळे. त्याने इंजिनाला गचके बसतात आणि न जळलेले पेट्रोल पुढे गेले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. लग्नाच्या वरातीत गाडीचा आवाज काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

८. लिमिटर आहे, तरी लोक 'ओव्हररेव्ह' कसे करतात, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर कसे फिरवतात?

चुकीचा गिअर टाकून. लिमिटर फक्त इंधन किंवा ठिणगी थांबवू शकतो, चाके थांबवू शकत नाही. चाके वेगाने फिरत असताना तुम्ही खूप खालचा गिअर टाकून क्लच सोडलात, तर इंजिन चाकांना ओढत नाही, चाके इंजिनाला फिरवतात. संगणक तिथे हात जोडून उभा राहतो.

एस२००० चे गणित करू. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४८१, दुसऱ्याचे २.०४५. तिसऱ्यात ८५०० वर आहात, चौथा टाकायचा आहे. तिसरा मधोमध वर, चौथा त्याच्या सरळ खाली, आणि दुसरा खाली पण डाव्या बाजूला. घाईत हात जरा डावीकडे गेला, दुसरा पडला. ८५०० गुणिले २.०४५ भागिले १.४८१, म्हणजे सुमारे ११७०० आरपीएम. क्लच पूर्ण सुटायच्या आत व्हॉल्व्ह तरंगतात आणि पिस्टनवर आदळतात. इंजिन लगेच बंद पडेलच असे नाही. कधी कधी गाडी घरी येते, फक्त चाल जरा लंगडी वाटते. इंग्रजीत याला 'मनी शिफ्ट' म्हणतात. नाव बिलावरून पडले आहे.

माझ्या हातून हे एकदा झाले आहे, तेही मित्राच्या जुन्या गाडीत. चार व्हॉल्व्ह वाकले. मैत्री टिकली, पण सिलिंडर हेडचे (व्हॉल्व्ह बसलेल्या वरच्या भागाचे) काम करून देताना खिसा रिकामा झाला. तेव्हापासून ताणून गिअर टाकताना मी दांडा मुठीत धरत नाही. उघड्या तळव्याने हलका ढकलतो, म्हणजे तो स्प्रिंगच्या ओढीने आपसूक मधल्या रांगेत येतो.

ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लच गाडीत ही चूक जवळजवळ अशक्य आहे. आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असतील तर गिअरबॉक्स खालचा गिअर घ्यायला नकार देतो.

९. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर काय होते? लोड तर नसतोच.

लोड नसतो म्हणूनच वाईट. काटा क्षणात वर जातो, आणि प्रश्न ३ मधला ओढ देणारा ताण तसाच राहतो. शिवाय उभ्या गाडीत रेडिएटरवर वारा नसतो. अनेक नव्या गाड्या म्हणूनच उभ्या असताना आरपीएम बऱ्याच खाली अडवतात. कंपनीनेच अडवले आहे, तर आपण कशाला?

१०. मी गाडी जपतो. २००० च्या वर जातच नाही. मग माझे इंजिन सगळ्यात सुरक्षित, बरोबर?

दुर्दैवाने नाही. पाचव्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चढावर पाय पूर्ण दाबणे म्हणजे इंजिनला लोडवर घुसमटवणे. फेऱ्या कमी असतात म्हणून पंपाकडून येणारे ऑइल कमी, आणि प्रत्येक स्फोटाचा दाब मात्र मोठा. बेअरिंगवर तो सरळ येतो. गाडी थरथरते, तेव्हा ती तुम्हाला खालचा गिअर मागत असते.

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असलेल्या छोट्या इंजिनांत याला आणखी एक धोका जोडला गेला आहे. कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते. याला कमी वेगाचे प्री-इग्निशन म्हणतात. एका अशा झटक्याने पिस्टनच्या रिंगेजवळचा भाग तुटू शकतो. हा प्रश्न इतका गंभीर होता की त्यासाठी ऑइलचा दर्जा बदलावा लागला. एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) एसएन प्लस दर्जा २०१८ मध्ये आला, एसपी २०२० मध्ये. नव्या टर्बो गाडीच्या ऑइलच्या डब्यावर 'एसपी' किंवा त्यापुढचा दर्जा लिहिलेला आहे का, ते बघून घ्या.

एकूण काय, चढावर ३५०० ला चालवणे १५०० ला चालवण्यापेक्षा जास्त जपून चालवणे असते.

११. 'आठवड्यातून एकदा इंजिन मोकळे करा' असे जुने मेकॅनिक सांगतात. तथ्य आहे?

आहे, पण अर्धेच. फक्त शहरात, रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये साचते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते ती त्याचीच. गाडी पूर्ण तापवून लांब चालवली की ते उडून जाते. ज्वलनकक्षातला काही कार्बनही जळतो. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर जमलेला कार्बन कितीही ताणून निघत नाही, कारण तिथे पेट्रोल पोचतच नाही. तो हाताने साफ करावा लागतो.

खरा अपवाद रोटरी इंजिनाचा. माझ्दाची आरएक्स-८ २००३ मध्ये आली. तिच्यात पिस्टन नाहीत, त्रिकोणी रोटर आहेत, आणि सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीची रेडलाइन ९००० आहे. पण ते ९००० मुख्य शाफ्टचे. शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटर एकदाच फिरतो, म्हणजे रोटर ३००० लाच फिरत असतो. पिस्टनसारखे थांबून उलट फिरणे नाही, म्हणून प्रश्न ३ मधला ताणही नाही. उलट या इंजिनाला हळू चालवण्याचाच त्रास होतो. रोटरच्या टोकांच्या पट्ट्यांभोवती कार्बन जमतो, आणि जोरात चालवले की तो साफ होतो. 'दिवसातून एकदा रेडलाइन' ही आरएक्स-८ च्या मालकांची जगभरची म्हण आहे. पट्ट्यांना वंगण म्हणून इंजिन मुद्दाम थोडे ऑइल जाळते, त्यामुळे डिपस्टिक इथे आणखी महत्त्वाची. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करण्याची चूक मात्र करू नका. ते पेट्रोलने भिजते आणि पुन्हा सुरू व्हायला नखरे करते.

१२. टर्बो गाडी ताणून चालवल्यानंतर लगेच बंद करू नये म्हणतात. अजूनही?

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि एक्झॉस्टच्या आगीशेजारी बसलेला असतो. इंजिन बंद केले की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तिथे अडकलेले ऑइल जळून कोळसा होते. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कुलंट फिरवणारा विजेवरचा पंप असतो, त्यामुळे धोका बराच कमी झाला आहे. तरीही शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. दारात उभे राहून दोन मिनिटे मोजण्यापेक्षा ते बरे.

१३. ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला) गेलो तर? रस्त्यावर ताणणे आणि ट्रॅकवर ताणणे यात फरक काय?

फरक खूप आहे. आपल्या रस्त्यांवर तुम्ही फार वेळ वर राहूच शकत नाही. एस२००० दुसऱ्या गिअरमध्येच शंभरच्या पुढे जाते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची सपाट भागातली मर्यादा १०० आहे, समृद्धीवर १२०. म्हणजे कायद्यात राहून ताणायचे तर ते काही सेकंदांचेच असते, पुढे काटा खाली येतो आणि इंजिनाला श्वास मिळतो.

ट्रॅकवर वीस-वीस मिनिटे तो श्वास मिळत नाही. ऑइल सतत तापत जाते. १३० अंश दिसले की मी एक फेरी हळू मारतो आणि पिटमध्ये येतो. ग्रेटर नोइडाचे बुद्ध सर्किट किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक भर उन्हात असेल तर हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर येतो.

दुसरा मुद्दा लांब वळणांचा. चांगल्या टायरवर गाडी इतक्या जोराने वळते की संपमधले, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातले, ऑइल एका भिंतीला जाऊन चिकटते आणि पंपाची नळी हवा ओढते. त्या क्षणी काटा ८००० वर असेल तर बेअरिंगचा थर संपला. पोर्शेच्या ९११ जीटी३ मध्ये म्हणूनच ड्राय संप असतो, ऑइल वेगळ्या टाकीत ठेवलेले. साध्या संपच्या गाडीत ट्रॅकवर जाताना ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, खालच्या खुणेवर अजिबात नको. संपमध्ये आडोसे असलेली ताटली बसवून घेणे सगळ्यात स्वस्त विमा आहे.

१४. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये काटा ५००० ला जातो. इंजिन खराब होईल?

नाही. अॅक्सिलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडतच नाहीत, त्यामुळे आत स्फोटच नसतात. ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना ब्रेक जळवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. जुन्या इंजिनात तळाला पोचून पुन्हा पाय दिल्यावर निळसर धूर दिसला तर व्हॉल्व्हचे सील थकलेत, एवढाच त्याचा अर्थ.

१५. नवीन गाडी आहे. पहिल्या दिवसापासून ताणू का?

मालकपुस्तिका सांगेल तेवढे थांबा. बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांना २००० किलोमीटरवर खास पहिली तपासणी करते, त्यात ऑइल बदलते. एकाच आरपीएमवर तासन्‌तास चालवणेही टाळा. रिंगांना बोअरमध्ये बसण्यासाठी बदलता लोड लागतो.

१६. काही इंजिने 'जात्याच' कमकुवत असतात का?

असतात, आणि तिथे प्रश्न १ चे उत्तर बदलते. ई४६ एम३ च्या २००१ ते २००३ च्या सुमारास बनलेल्या गाड्यांचे कनेक्टिंग रॉड बेअरिंग बीएमडब्ल्यूने मोहीम काढून बदलून दिले. २०१४ मध्ये ९००० आरपीएमच्या नव्या पोर्शे ९११ जीटी३ ला आग लागल्याच्या घटना घडल्या. तपासात कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल होत असल्याचे निघाले, आणि कंपनीने जगभरातल्या ७८५ गाड्यांची इंजिनेच बदलली. प्रश्न ३ मध्ये रॉडच्या बोल्टवर इतका वेळ का घालवला, ते आता कळले असेल.

तुमच्या गाडीचे इंजिन कोणते, त्याचा कोणता भाग बदनाम आहे, हे गाडी घेण्याआधी विचारा. काही इंजिनांत रॉड बेअरिंग ठरावीक किलोमीटरनंतर आधीच बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

१७. जुनी स्पोर्ट्स कार घेतोय. आधीच्या मालकाने ओव्हररेव्ह केली का, कसे ओळखू?

पोर्शेत सोपे आहे. तिचा संगणक मर्यादेबाहेरच्या फेऱ्या टप्प्याटप्प्याने नोंदवतो. आधीच्या गाड्यांत दोन टप्पे, नंतरच्यांत सहा. अशी नोंद किती तासांच्या वापरावर झाली तेही दिसते. सर्वांत वरच्या टप्प्यांत नोंद असेल आणि ती अलीकडच्या तासांतली असेल, तर मी गाडी सोडून देईन. खूप जुनी नोंद असेल आणि त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल, तर घाबरायचे कारण कमी.

इतर गाड्यांत हातानेच पाहावे लागते. सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (किती दाब तयार होतो) आणि लीकडाउन (किती दाब गळतो) मोजा. आकड्यांपेक्षा त्यांतला फरक बोलतो. एकच सिलिंडर मागे असेल तर व्हॉल्व्ह वाकल्याचा संशय घ्या. ऑइल फिल्टर कापून त्यात चकचकीत कण आहेत का बघा. आणि गाडी पाहायला जाताना मालकाला सांगा, इंजिन थंड राहू द्या. पोचल्यावर बोनेट आधीच गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय, असे समजून पुढे बोला.

१८. माझी गाडी पावसाळ्यात चार महिने कव्हरखाली असते. दिवाळीत बाहेर काढल्यावर लगेच ताणली तर?

हा प्रश्न ५ चा सगळ्यात कठोर प्रकार आहे. चार महिन्यांत कॅम आणि बोअरवरचे ऑइल खाली निथळलेले असते, आणि दमट हवेत बोअरवर गंजाची बारीक झाकही येऊ शकते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या काळात ओलावा धरते. म्हणून जूनमध्ये ठेवण्याआधीच ऑइल बदला, जुने आम्लयुक्त ऑइल आत ठेवून गाडी झाकू नका. मधे मधे 'सुरू करून पाच मिनिटे ठेवतो' असे करू नका. त्याने प्रश्न ११ मधली साय तेवढी वाढते. चालवायची तर अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

बाहेर काढताना ताजे पेट्रोल भरा, डिपस्टिक आणि कुलंट पाहा. सुरू केल्यावर रेस देऊ नका, दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबा. पहिल्या काही सेकंदांत टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) किटकिटाट ऐकू आला तर तो साधारण थांबतो. मिनिटभराने थांबला नाही तर इंजिन बंद करा. पहिला दिवस ३५०० च्या आत काढा, संध्याकाळी पुन्हा डिपस्टिक बघा, गाडीखाली जमिनीवर थेंब आहेत का तेही बघा. सगळे कोरडे असेल तर दुसऱ्या दिवशी पूर्ण तापवून काटा वर न्या.